नुसतं डावीकडे वळायचं तर त्यात काय एवढं? ओव्हल ट्रॅकचा ढाळ, विटा आणि मुरूम

सातारा-सांगली पट्ट्यात शर्यत म्हटली की डोळ्यांसमोर सरळ पट्टी येते. बैल सुटले, झेंडा पडला, निकाल लागला. त्यामुळे टीव्हीवर अमेरिकेतली लंबगोल ट्रॅकवरची शर्यत लागली की पहिला शेरा ठरलेला: "हे काय, नुसतं डावीकडे वळत बसायचं!" सांगलीच्या वालचंदला, कराडला किंवा इस्लामपूरला इंजिनिअरिंग कॉलेजच्या टीममध्ये गाडी बनवणारी पोरंसुद्धा ओव्हलला जरा कमीच लेखतात. खरं तर ओव्हलवर वळण कधी संपतच नाही. चाक, टायर, डांबर, भराव, सगळ्यांवर एकाच बाजूने सतत ताण. ओव्हलचा सव्वाशे वर्षांचा इतिहास म्हणजे हा ताण कुठला पृष्ठभाग किती दिवस सोसतो, याचाच इतिहास आहे.

आधी ढाळाचं गणित, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. वळणावर रस्त्याची बाहेरची कड उंच ठेवली की गाडीच्या वजनाचाच काही भाग तिला आत ढकलतो. टायरच्या पकडीची अजिबात मदत न घेता गाडी ज्या वेगाने ते वळण घेऊ शकते, तो त्या वळणाचा न्यूट्रल वेग. सूत्र सोपं: वेगाचा वर्ग = त्रिज्या × ९.८१ × ढाळाच्या कोनाचा टॅन. त्रिज्या मीटरमध्ये घ्यायची, उत्तर मीटर प्रति सेकंदात येतं, ३.६ ने गुणलं की ताशी किलोमीटर.

आपल्या रस्त्यांवरही हे असतंच. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमांप्रमाणे सपाट भागात वळणाचा ढाळ जास्तीत जास्त ७ टक्के, आणि बर्फ नसलेल्या डोंगरी भागात १० टक्के. १० टक्के म्हणजे जेमतेम पावणेसहा अंश. याहून जास्त का नाही? कारण त्याच वळणावरून गळितात उसाची भरलेली ट्रॉली रांगत जाते. ढाळ जास्त झाला तर ती वेगाने बाहेर नव्हे, वजनाने आत कलंडते. शर्यतीच्या ट्रॅकवर ट्रॉली नसते, म्हणून तिथे मोकळीक मिळते.

आता अमेरिकेतला इंडियानापोलिस मोटर स्पीडवे. ओव्हल म्हणतात, पण तो खरं तर कोपरे गोल केलेला आयत आहे. लांबी अडीच मैल, म्हणजे ४.०२ किलोमीटर. दोन लांब सरळ पट्ट्या प्रत्येकी १००६ मीटरच्या, दोन आखूड २०१ मीटरच्या, आणि चार वळणं प्रत्येकी ४०२ मीटरची. रुंदी सरळ पट्टीवर १५ मीटर, वळणावर १८. चारही वळणांचा ढाळ ९ अंश १२ मिनिटं, म्हणजे सुमारे १६ टक्के. आतल्या कडेपेक्षा बाहेरची कड जवळजवळ २.९ मीटर उंच.

पाव मैलाचं वळण ९० अंशांत बसवलंय, म्हणजे त्रिज्या सुमारे २५६ मीटर. सूत्रात घाला: न्यूट्रल वेग येतो ताशी ७३ किलोमीटर! तिथे गाड्या ३५० च्या आसपास वळतात. ७३ च्या वर जो काही जोर लागतो तो सगळा टायर आणि हवेने खाली दाबणाऱ्या पंखांनी पुरवायचा. ३५० ला २५६ मीटरच्या वळणावर आडवा जोर गुरुत्वाकर्षणाच्या पावणेचार पट भरतो. बाहेरून आत, आतून बाहेर अशी लाइन पकडली की त्रिज्या वाढते आणि आकडा थोडा उतरतो, पण मानेला तो प्रत्येक फेरीत चार वेळा झेलावा लागतो. तिथल्या ५०० मैलांच्या शर्यतीत फेऱ्या २००.

डेटोनाचं उलट. फ्लोरिडातला हा ट्रॅक बिल फ्रान्स यांनी बांधला आणि १९५९ मध्ये सुरू झाला. लांबी तेवढीच, अडीच मैल, पण वळणाचा ढाळ ३१ अंश. ३१ चा टॅन ०.६, म्हणजे ६० टक्के. त्रिज्या ३०५ मीटर धरली तर न्यूट्रल वेग १५३ च्या घरात जातो. एवढ्या ढाळावर गाडी उभी करायची तर पकडीचा गुणांक किमान ०.६ लागतो. कोरड्या डांबरावर तो मिळतो, ओल्यावर मिळेल याची खात्री नाही. उभी गाडीसुद्धा खाली घसरू शकते.

या ढाळावर डांबर टाकायचं कसं, हा तेव्हा खरा पेच होता. पेव्हर, म्हणजे डांबर पसरणारं यंत्र, आणि रोलर स्वतःच खाली घसरायचे. इंजिनिअर चार्ल्स मनीपेनी यांनी भरावाच्या माथ्यावर बुलडोझर उभे केले, पेव्हर त्यांना केबलने बांधला आणि वरचं-खालचं यंत्र एकाच चालीने पुढे नेलं. भरावाला माती लागली ती ट्रॅकच्या पोटातूनच उपसली. त्या खड्ड्याचं तळं झालं, ते आजही आत आहे. आपल्याकडे शेततळ्याच्या मातीने बांध घालतात, हिशोब तोच.

सरळ पट्टीवरून ३१ अंशांवर एकदम चढता येत नाही, हेही ध्यानात घ्यावं लागतं. ढाळ हळूहळू वाढवत न्यावा लागतो आणि त्रिज्या हळूहळू कमी करत. रेल्वेच्या वळणावर बाहेरचा रूळ कसा सावकाश उचलत नेतात, पुणे-मिरज मार्गावर गाडीच्या खिडकीतून तो कल जाणवतोही, अगदी तसं. हा संक्रमणाचा तुकडा आखूड पडला तर गाडीचं एक चाक हलकं होतं आणि मागची बाजू सुटते.

आता मागे जाऊ. शर्यतीसाठी मुद्दाम बांधलेला पहिला मोठा ढाळाचा ट्रॅक इंग्लंडमधला ब्रुकलँड्स, १९०७. तेव्हा ब्रिटिश रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल. गाड्या बनवणाऱ्यांनी त्या पळवायच्या कुठे? ह्यू लॉक किंग यांनी सरे परगण्यातल्या स्वतःच्या जमिनीवर २.७५ मैलांचा, ३० मीटर रुंद काँक्रीटचा ट्रॅक उभारला. आकार नीट लंबगोल नाही, अंड्यासारखा. बँकिंग, म्हणजे वळणाचा ढाळ, जवळजवळ ९ मीटर उंच. उद्घाटनानंतर काही दिवसांतच एस. एफ. एज यांनी तिथे २४ तास गाडी चालवून १५८१ मैल कापले.

चूक होती ती काँक्रीटच्या खाली. सळई न घातलेलं काँक्रीट ताज्या भरावावर ओतलं होतं. भराव बसत गेला तसे स्लॅब वरखाली झाले. एका ठिकाणी ट्रॅक नदीवरच्या पुलावरून जात होता, तिथे पूल आणि भराव यांची पातळी जुळेना आणि वेगातल्या गाड्यांची चारही चाकं हवेत जायची. हे कुणाला नवीन वाटायला नको. पुलाच्या तोंडाशी गाडी आदळण्याचा अनुभव आपल्या कुठल्याही रस्त्यावर मिळतो, कारण पूल खडकावर टेकलेला असतो आणि जोडरस्ता भरावावर. तरीही जॉन कॉब यांनी १९३५ मध्ये त्याच खडबडीत काँक्रीटवर ताशी १४३.४४ मैलांची फेरी मारली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झालं, जागा विमानांच्या कारखान्यांकडे गेली आणि शर्यत परत आली नाही.

इंडियानापोलिस १९०९ चा. कार्ल फिशर, जेम्स ॲलिसन, आर्थर न्यूबी आणि फ्रँक व्हीलर हे चौघे भागीदार. पहिला पृष्ठभाग खडी आणि टारचा, थोडक्यात आपला जुना डांबरी रस्ता. ऑगस्टमधल्या पहिल्याच मोटार शर्यतींत तो फुटला. अरुंद टायर आडवे घासले की वरचं टारचं साल निघतं, खालची खडी सुटते, तिच्या गोळ्या मागच्या ड्रायव्हरच्या तोंडावर. खड्डे पडले आणि पाच जण गेले, त्यांत दोन प्रेक्षक. ३०० मैलांची शर्यत २३५ मैलांवर थांबवावी लागली.

मग त्यांनी विटा लावल्या. ३२ लाख विटा, ६३ दिवसांत. भागाकार केला तर रोज पन्नास हजारांहून जास्त. कराड-सांगलीच्या नदीकाठच्या वीटभट्टीवाल्याला हा आकडा सांगून बघा. पण ती भट्टीची बांधकामाची वीट नव्हती. काचेसारखी कडक भाजलेली, फरसबंदीची, एकेक सव्वाचार किलोच्या पुढची. आपली साधी वीट तिथे एका शर्यतीत भुकटी झाली असती. पद्धत अशी: आधीची खडीची पाया-बैठक तशीच ठेवली, तिच्यावर सुमारे दोन इंच वाळू, वाळूवर वीट, आणि सांध्यात सिमेंटचं पातळ ग्राउट. वाळूमुळे प्रत्येक वीट पूर्ण टेकते, ग्राउटमुळे एक वीट ढिली झाली तरी शेजारच्या धरून ठेवतात. खडीला नेमकं हेच जमत नव्हतं.

३० मे १९११ ला पहिली ५०० मैलांची शर्यत झाली. ४० गाड्या होत्या. रे हॅरून मार्मन गाडीत एकटे बसले, बाकीच्यांबरोबर मागे लक्ष ठेवायला मेकॅनिक होता. हॅरून यांनी त्याऐवजी आरसा लावला. सरासरी ताशी ७४.६ मैल, म्हणजे १२० किलोमीटर, वेळ पावणेसात तासांच्या आसपास. २०२१ मध्ये हीच शर्यत ताशी १९०.६९ मैलांच्या सरासरीने संपली.

विटाही कायम टिकल्या नाहीत. थंडीत जमीन गोठते, उन्हाळ्यात सुटते, विटा उचलल्या जातात. १९३० च्या दशकात वळणांवर डांबर आलं, मग हळूहळू सगळीकडे, आणि १९६१ मध्ये शेवटच्या विटा झाकल्या. आता फक्त स्टार्ट-फिनिश रेषेवर ३६ इंचांची विटांची पट्टी उघडी आहे.

मधल्या काळात अमेरिकेत लाकडी ट्रॅकचं वेड आलं. १९१० मध्ये लॉस एंजेलिसजवळ मोटारींसाठी पहिला बांधला गेला. फळ्या आडव्या नाही, कडेवर उभ्या ठोकायच्या, म्हणजे जाडी जास्त मिळते. वेग अफाट मिळाला. पण उघड्यावरचं लाकूड तीन-चार वर्षांत कुजतं, ढलप्या निघतात, भोकं पडतात, सुतार खालून फळ्या बदलत बसतात. १९३० च्या सुमाराला हा प्रकार संपला. आपल्या जत्रांत अजून येणारा मौत का कुआँ त्याच घराण्यातला. तिथे ढाळ जवळजवळ ९० अंश, त्यामुळे वजन पेलण्याचं काम पूर्ण पकडीवर. ५ मीटर त्रिज्या आणि ०.८ पकड धरली तर भिंतीवर टिकायला ताशी २८ किलोमीटर पुरतात. म्हणून तिथे जुनी मोटरसायकलही चालते. फळीवर तेल सांडलं की मात्र गणित संपलं.

डांबर आलं तरी कुरबुरी गेल्या नाहीत, फक्त बदलल्या. फेब्रुवारी २०१० मध्ये डेटोनाच्या मुख्य शर्यतीत पहिल्या-दुसऱ्या वळणाच्या मध्ये खड्डा पडला आणि दोन तासांहून जास्त वेळ शर्यत थांबली. त्याच वर्षी सगळा ट्रॅक नव्याने केला. पावसानंतर आणखी एक त्रास: वरून ट्रॅक कोरडा दिसतो, पण भरावात मुरलेलं पाणी डांबराच्या सांध्यातून पाझरत राहतं, ते नेमकं ढाळावर आडवं वाहतं आणि सुकता सुकत नाही. जेट इंजिन लावलेल्या गाड्या फिरवून ट्रॅक वाळवतात. मोठ्या ओव्हलवर पावसात शर्यत का घेत नाहीत, याचं उत्तर यातच आहे. टायर गुळगुळीत, पाणी आडवं, आणि बाजूला पळवाट नाही, थेट भिंत.

टायरचं सर्वांत चांगलं उदाहरण मात्र ओव्हल शर्यतीचं नाही, फॉर्म्युला वनचं आहे. २००५ ची अमेरिकन ग्रां प्री इंडियानापोलिसला होती. आतला रस्ता आणि ओव्हलचं एक ढाळाचं वळण मिळून सर्किट केलं होतं. त्या एकाच वळणावर मिशेलिनचे टायर फुटू लागले. सपाट वळणावर टायर आडवा ताणला जातो. ढाळाच्या वळणावर आडवा ताणलाही जातो आणि उभा दाबलाही जातो. टायरची भिंत हे दोन्ही एकदम सोसेल अशी नसेल तर आतून फाटते. शेवटी मिशेलिनच्या सगळ्या टीम माघारी फिरल्या आणि सहाच गाड्यांनी शर्यत केली. अख्ख्या सर्किटमध्ये ढाळाचं वळण एकच होतं.

म्हणून ओव्हलची गाडी मुळातच वाकडी बनवतात. घड्याळाच्या उलट दिशेने फिरायचं, म्हणजे उजवी चाकं बाहेर. मागची दोन्ही चाकं एका कडक ॲक्सलवर असतील तर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं. उपाय: उजवा टायर परिघाने मोठा लावायचा. याला स्टॅगर म्हणतात. किती? चाकांमधलं अंतर भागिले वळणाची त्रिज्या, गुणिले टायरचा परीघ. चाकांमध्ये १.६ मीटर आणि परीघ २.१ मीटर धरला तर इंडियानापोलिसला १३ मिलिमीटर निघतात. ६० मीटर त्रिज्येच्या छोट्या ट्रॅकवर तेच ५६ मिलिमीटर होतात. स्टॅगर कमी पडला तर गाडी नाकाने सरळ भिंतीकडे जाते, जास्त झाला तर शेपूट सुटते आणि सरळ पट्टीवर गाडी सतत डावीकडे ओढते. मोजमाप टायर गरम असताना, शर्यतीच्या हवेच्या दाबावर घ्यायचं. गार टायरचा आकडा कामाचा नाही.

बाकी गोष्टीही याच धाटणीच्या. उजव्या पुढच्या चाकाचा वरचा भाग आत झुकवलेला, डाव्याचा बाहेर, म्हणजे वळणात दोन्ही टायर ट्रॅकवर सपाट बसतात. पेट्रोल-तेल सतत उजवीकडे लोटलं जातं, त्यामुळे ओढून घेण्याची नळी टाकीच्या उजव्या बाजूला. ती डावीकडे ठेवली तर टाकी अर्धी असतानाच इंजिन वळणात धक्के खायला लागतं, आणि माणूस दोष देतो फ्युएल पंपाला.

भिंतीचंही एक. नुसती काँक्रीटची भिंत गाडीला काहीच सवलत देत नाही. नेब्रास्का विद्यापीठात डीन सिकिंग यांच्या टीमने पोलादी चौकोनी नळ्या आणि त्यामागे फोमचे ठोकळे अशी भिंत तयार केली. ती २००२ च्या मे महिन्यात इंडियानापोलिसला पहिल्यांदा बसली, आणि पुढे बहुतेक मोठ्या ओव्हलवर गेली.

भारतात पाहायचं तर इंदूरजवळ पीथमपूरला नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा चार लेनचा ओव्हल आहे, २०२१ पासून. तो शर्यतीचा नाही, गाड्या तपासायचा. वळणाचा न्यूट्रल वेग ताशी २५० किलोमीटर ठेवलाय. कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेच्या नावात स्पीडवे असला तरी तो ओव्हल नव्हे, डावी-उजवी वळणं असलेलं सर्किट आहे.

जत, आटपाडी, माण, खटावच्या माळावर कॉलेजच्या गाडीच्या चाचणीसाठी छोटा मातीचा ओव्हल आखायचा असेल, तर आकडे असे बसतात. आतल्या कडेने सरळ पट्टी १०० मीटर, दोन्ही टोकांना ३२ मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. एकूण ४०१ मीटर. रुंदी १० मीटर. चहूबाजूंनी १५ मीटर मोकळी जागा धरली तर सहा एकर लागतात. आखताना १०० मीटर अंतरावर दोन खुंट्या, आणि त्रिज्येसाठी दोरी नको, स्टीलचा टेप किंवा तार घ्या. दोरी ओली झाली की आखडते, ताणली की वाढते. सरळ पट्ट्यांचा १०० बाय ६४ चा आयत झाला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही ११८.७ मीटर आले पाहिजेत. फरक असेल तर एक टोक तिरकं गेलंय, पुढे जाऊ नका.

काळ्या मातीवर थेट ट्रॅक करू नका. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि ओली असताना टायरला साबण लावल्यासारखी होते. काळी माती काढून टाका किंवा जागाच मुरमाड निवडा. वर १५ सेंटिमीटर दाबलेला मुरूम हवा, म्हणजे सैल मापाने २८० ते २९० ब्रास. टँकरने पाणी मारून, मुरूम मुठीत गोळा होईल पण हात ओला होणार नाही एवढा दमट झाला की रोलर फिरवा. कोरड्यावर रोलर फिरवला तर वरून गुळगुळीत दिसतो आणि दहाव्या फेरीला वळणात चर पडतात. चर आधी आतल्या कडेला, वळण सुटतं तिथे पडतात, कारण ॲक्सिलरेटर तिथेच दाबला जातो.

ढाळाचा मोह होतो, पण हिशोब करा. १० अंशांचा ढाळ म्हणजे बाहेरची कड १.७६ मीटर वर. दोन्ही वळणांना, बाहेरच्या उतारासकट, दाबलेला भराव साडेनऊशे ते हजार ब्रास. बदल्यात मिळतं काय? मुरमावर पकड ०.५ धरली तर सपाट वळण ४८ ने निघतं, ढाळाचं ५९ ने. ११ किलोमीटरसाठी हजार ब्रास! त्यापेक्षा पाणी जाईल एवढा आतल्या बाजूला दोन-तीन अंशांचा उतार ठेवा आणि उरलेले पैसे बाहेरच्या बाजूला मातीचा बांध आणि एकमेकांना बांधलेल्या जुन्या टायरांवर घाला. दगडाचा बांध नको. गाडी सुटते ती वळणाच्या स्पर्शरेषेत, त्यामुळे वळणाच्या बाहेर माणूस उभा राहता कामा नये. बघ्यांना सरळ पट्टीच्या मध्यावर, कुंपणामागे ठेवा. आणि चाचणीऐवजी स्पर्धा घ्यायची असेल तर जिल्हा प्रशासन आणि मोटरस्पोर्ट क्लबांच्या राष्ट्रीय महासंघाची, म्हणजे एफएमएससीआयची, परवानगी मुरूम टाकायच्या आधी घ्या.